बाळंतिणीच्या दारी

१९९० साल बँकेत नोकरी केलेल्या माणसाला विसरता येणार नाही. शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकलेली कर्जे माफ करण्याची केंद्राची योजना त्या वर्षी आली आणि खेड्यापाड्यांतल्या शाखांचे दिवे रात्री नऊ-दहापर्यंत जळू लागले. मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका गावी कर्जविभागाचा अधिकारी होतो. दिवसभर खातेउतारे, याद्या, दाखले. संध्याकाळी मोटारसायकलवरून वसुलीची नाही तर तपासणीची एखादी फेरी. कर्जाऊ घेतलेली म्हैस खरोखर गोठ्यात आहे ना, तिच्या कानातला विम्याचा बिल्ला जागेवर आहे ना, हे पाहायला मी मैलोन्‌मैल चिखल तुडवत जात असे.

त्याच दिवसांत माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात काय चालले होते, याचा मात्र मला पत्ता नव्हता. पत्नी दोन महिन्यांची मुलगी घेऊन माहेराहून, साताऱ्याहून, नुकतीच आली होती. (पुढचे तिच्या परवानगीने लिहितो आहे. "आता लिहिता आहात, तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं," या शेऱ्यासकट ही परवानगी मिळाली.) ती गप्प असे. मुलगी रडली तरी लगेच उठत नसे. गॅसवर दूध ठेवले आहे हे विसरून जाई. रात्र जागून काढायची आणि दिवसा भिंतीकडे बघत बसायचे, असे चालले होते. मी मनाशी निदान केले की माहेरची आठवण येत असणार. घरमालकांच्या आईने निदान केले की दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या.

एके दिवशी गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई ट्रिपलचा डोस द्यायला घरी आल्या. डोस देऊन त्या उठल्या नाहीत. चटईवर बसल्या, चहा घेतला आणि बाळाविषयी काही विचारायच्या आधी त्यांनी पत्नीला विचारले, "तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?" तेवढ्यावर पत्नीला रडू फुटले. पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा आल्या. गुरुवार हा तिथला बाजाराचा दिवस. मग दर गुरुवारी त्या येऊ लागल्या, तीन-साडेतीन महिने येत राहिल्या. काय बोलत, मला माहीत नाही, मी शाखेत असे. एका दुपारी काही कागद न्यायला मी घरी आलो तेव्हा त्यांनी मला दारातच गाठले. "साहेब, तुम्ही म्हशी मोजायला लोकांच्या गोठ्यात जाता म्हणे. स्वतःच्या घरी कधी येता?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. पुढे कळले की, एकाच घरी इतक्या वेळा कशाला जाता, असे बाईंना त्यांच्या वरिष्ठांनीही विचारले होते. त्यांच्या रजिस्टरात अशा भेटीसाठी रकाना नव्हता. लसीला होता, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला होता, पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांना होता. एका बाळंतिणीजवळ तासभर बसले, हे लिहायला कुठेच जागा नव्हती.

ही गोष्ट मागे पडली होती. निवृत्तीनंतर एका कादंबरीच्या निमित्ताने लहान मुलांच्या वाढीविषयी वाचत असताना डेव्हिड ओल्ड्स या अमेरिकन संशोधकाचे काम समोर आले आणि त्या नर्सबाई एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. विद्यार्थिदशेत पडलेला एक प्रश्न घेऊन या गृहस्थांनी सारी कारकीर्द काढली. मुलाच्या मनाला इजा होऊन गेल्यावर डॉक्टर, समुपदेशक, पोलीस, न्यायालय असे सगळे येतात. इजा होण्याच्या आधी त्या घरी कुणी गेले तर?

ओल्ड्स यांनी १९७० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पदवी घेतली. आई आणि मूल यांच्यातल्या बंधाचा अभ्यास करणाऱ्या मेरी एन्सवर्थ त्या काळात तिथेच शिकवत होत्या. पदवीनंतर हा तरुण त्याच शहरातल्या एका गरीब वस्तीतल्या पाळणाघरात मुलांना शिकवू लागला. तिथे चार वर्षांचा एक मुलगा होता. तो शब्द बोलतच नसे, नुसता गुरगुरे, भुंकल्यासारखे आवाज काढी. त्याची आई गरोदरपणात दारूच्या आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेली होती. दुसरा एक मुलगा दुपारच्या झोपेच्या वेळी काही केल्या डोळे मिटत नसे. घरी झोपेत अंथरूण ओले केले की मार बसे, तेव्हा झोप म्हणजे मार हे त्याने पक्के धरले होते. ओल्ड्स या मुलांना गाणी आणि रंग शिकवत होते, आणि त्यांच्या लक्षात येत होते की आपण चार-पाच वर्षे उशिरा पोचलो आहोत.

म्हणून ते पुन्हा विद्यार्थी झाले. न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात यूरी ब्रॉन्फेनब्रेनर होते. जन्म मॉस्कोचा, वाढ अमेरिकेतली. गरीब घरच्या मुलांसाठी १९६५ मध्ये अमेरिकेत जो 'हेड स्टार्ट' कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या शिल्पकारांपैकी ते एक. मूल एकटे वाढत नाही, असे ते मांडत. एका बाहुलीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशा रशियन बाहुल्या असतात ना, तसे मूल आईवडिलांच्या, ते शेजारपाजाराच्या आणि तो कामधंद्याच्या नि सरकारी धोरणांच्या पोटात असतो. आपल्याला यात फारसे नवीन वाटणार नाही. आपल्या आज्यांनाही ते ठाऊक होते. परंतु आजीच्या ठाऊक असण्याने अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. त्यासाठी मोजून दाखवावे लागते. ओल्ड्स यांनी १९७६ मध्ये कॉर्नेलची पीएच.डी. मिळवली आणि मोजायला म्हणून ते जवळच्या एल्मायरा या गावी गेले.

एल्मायरा हे नाव कादंबऱ्या वाचणाऱ्यांना दुसऱ्या कारणाने माहीत असते. मार्क ट्वेनची सासुरवाडी तिथली. हकलबेरी फिनची गोष्ट त्याने बरीचशी तिथल्या टेकडीवरच्या मळ्यात बसून लिहिली आणि त्याला पुरलेही त्याच गावात. दारुड्या बापाच्या मारापासून पळणारा हक ज्या गावात कागदावर उतरला, त्याच गावात शंभर वर्षांनी मुलांना होणारी मारहाण थांबवण्याचा प्रयोग झाला, याची मला उगाच गंमत वाटते. एरवी गावाची स्थिती गंमत वाटण्यासारखी नव्हती. १९७२ च्या महापुराने ते धुऊन निघाले होते, रोजगार आटला होता, आणि मुलांना मारहाण व हेळसांड झाल्याच्या तक्रारींत ते राज्यात सर्वांत वर होते.

प्रयोग असा. १९७८ ते १९८० या काळात ४०० पहिलटकरणी निवडल्या, बहुतेक अगदी कोवळ्या वयाच्या, अविवाहित किंवा गरीब. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडले. काहींच्या मुलांची फक्त तपासणी व्हायची. काहींना शिवाय दवाखान्यात जाण्या-येण्याची मोफत सोय. काहींच्या घरी गरोदरपणात परिचारिका जायची, आणि शेवटच्या गटात तीच परिचारिका बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहायची. या शेवटच्या गटात बाळंतपणाआधी सरासरी ९ आणि नंतर २३ भेटी झाल्या. एकेक भेट तासा-सव्वातासाची.

त्या तासात काय होई, हे सांगण्याजोगे आहे. परिचारिका खाण्यापिण्याचे सांगे, सिगारेट कमी करायला सांगे, बाळाच्या कोणत्या रडण्याचा काय अर्थ हे दाखवी. मूल हट्टाने रडत नाही, आपल्याला छळायला तर मुळीच रडत नाही, एवढे जरी सतरा वर्षांच्या आईला पटले तरी तिचा हात थांबतो. त्याशिवाय ती या मुलीला विचारी, तुला स्वतःला काय करायचे आहे? शाळा पुरी करायची आहे? नोकरी? पुढचे मूल कधी? मग त्यातले एखादे लहानसे, पुढच्या भेटीपर्यंत जमेल असे काम ठरवायचे आणि पुढच्या वेळी त्याची विचारपूस करायची. नवरा असो, मित्र असो, आई असो, घरातले जे माणूस पुढे मदतीला येणार त्यालाही बोलण्यात ओढायचे. बँकेतला माणूस म्हणून मला ही पद्धत फार ओळखीची वाटते. नव्या कर्जदाराला आपण मोठ्या गोष्टी सांगत नाही. पहिला हप्ता वेळेवर भरायला लावतो. तो भरला की त्याचा स्वतःवर विश्वास बसतो आणि आपला त्याच्यावर.

निकाल हळूहळू हाती आले. मुले पंधरा वर्षांची होईपर्यंत, मुलांना मारहाण किंवा हेळसांड झाल्याची खात्री पटलेली जेवढी प्रकरणे तुलनेच्या गटात झाली, त्याच्या जवळजवळ निम्मीच पूर्ण भेटी झालेल्या गटात झाली होती. गरीब अविवाहित मातांच्या मुलांना अटक होण्याचे प्रसंगही कमी आले. ज्या बाळाच्या जन्माआधी त्याच्या आईजवळ कुणी तरी चटईवर (तिकडे सोफ्यावर म्हणू या) बसले होते, ते बाळ पंधराव्या वर्षी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या कमी वेळा चढत होते. ही आकडेवारी १९९७ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा प्रयोग सुरू होऊन वीस वर्षे होत आली होती. आपल्याकडे वीस वर्षांत किती योजना जन्मतात, नाव बदलतात आणि फोटोपुरत्या उरतात!

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर हा लेख जाहिरात होईल, आणि जाहिराती मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत. एल्मायरातल्याच आकड्यांत असे दिसले की ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथे भेटींचा फायदा घटत घटत नाहीसा झाला. आईच सुरक्षित नसेल तर परिचारिकेचा तास कुठवर पुरणार? पुढे ही मुले एकोणीस वर्षांची झाल्यावर पाहिले तेव्हा मुलींमध्ये फरक टिकला होता, मुलग्यांमध्ये दिसत नव्हता. १९९८ मध्ये रँड या संस्थेने जमाखर्च मांडला. जोखमीच्या कुटुंबांवर केलेल्या खर्चाच्या सुमारे चौपट सरकारचे वाचले होते. ज्यांना फारशी जोखीम नव्हती त्या कुटुंबांत मात्र खर्चही भरून निघाला नव्हता. इंग्लंडने हाच कार्यक्रम आपल्याकडे नेला, १,६४५ तरुण मातांवर तपासला, आणि २०१६ मध्ये निकाल आला की सिगारेट, बाळाचे वजन, लगेचचे दुसरे गरोदरपण, मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागणे या मुख्य गोष्टींत काही फरक पडला नाही. ज्या देशात सर्व मातांना सरकारी आरोग्यसेवा आधीच मिळते, तिथे वरचा थर तेवढा उठून दिसत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते मला पटते. तरी निकाल तो निकाल.

ओल्ड्स यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. एल्मायराच्या पहिल्या यशानंतर कार्यक्रम देशभर पसरवण्याचा आग्रह झाला असता ते थांबले. एल्मायरा गोऱ्यांचे गाव. मग मेम्फिसमधल्या काळ्या कुटुंबांत पुन्हा तपासले. नंतर डेन्व्हरमध्ये एक अवघड प्रश्न घेतला. परिचारिकाच कशाला हवी? वस्तीतलीच, जुजबी प्रशिक्षण दिलेली बाई गेली तर नाही का चालणार? ती स्वस्त पडते. ७३५ मातांवर हे तपासले. २००२ मध्ये आलेले उत्तर असे की वस्तीतल्या बाईच्या भेटींचा उपयोग होतो, पण परिचारिकेच्या साधारण निम्माच.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले होते. कारण आपल्या गावोगावी जाते ती वस्तीतलीच बाई. मग आपण आशा सोडायची का? (श्लेष मुद्दाम केलेला नाही, आला आहे तर राहू द्या.)

सुदैवाने उत्तराचा पुढचा भाग आपल्या शेजारून आला. पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत अतिफ रहमान या मानसोपचारतज्ज्ञांनी, नैराश्य आलेल्या ९०३ गरोदर स्त्रियांवर काम केले. त्यांच्या घरी गेल्या त्या तिथल्या 'लेडी हेल्थ वर्कर', म्हणजे आपल्या आशाताईंच्या पाकिस्तानी बहिणी, शालेय शिक्षण झालेल्या. प्रशिक्षण दोन दिवसांचे, पुढे एका दिवसाची उजळणी. परंतु महत्त्वाची गोष्ट ही की दर महिन्याला त्यांना कुणी तरी जाणते माणूस भेटे, अडचणी ऐके, वाट दाखवी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचे होईपर्यंत सोळा भेटी. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा तुलनेच्या गटात ५३ टक्के आया अजून नैराश्यात होत्या. या गटात २३ टक्के. मुलांना हगवण कमी झाली, लशी जास्त टोचल्या गेल्या. वजन-उंचीत फरक पडला नाही. आणि मुले सात वर्षांची झाल्यावर पाहिले तर दोन्ही गटांतली मुले सारखीच होती. एकदा कर्ज दिले आणि पुन्हा त्या घरी गेलोच नाही, तर सात वर्षांनी तिथे काय सापडेल, हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याने सांगितले असते.

आपला संबंध एवढ्यावर संपत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात आलेल्या मातांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवले की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते. शंभरातल्या तेवीस! कारणे आपण सगळे जाणतो: पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणे, त्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे. पुढच्याच वर्षी त्यांनी हेही मांडले की अशा आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाला आणि बुद्धीच्या वाढीला मागे पडलेली होती. आमच्या मुलीच्या वेळी पेढे वाटले नव्हते, बर्फी वाटली होती. बर्फीत वाईट काय, असे मी तेव्हा म्हणालो असतो. २०१९ मध्ये गोव्यात २८० गर्भवतींवर रावळपिंडीची पद्धत आणखी सोपी करून तपासली. या वेळी घरी जाणाऱ्या बाया आरोग्यसेविकाही नव्हत्या, तिथल्याच साध्या आया होत्या. सहा महिन्यांनी त्यांच्या गटातल्या ७३ टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या, तुलनेच्या गटातल्या ६१ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही. पण खर्चही तसाच किरकोळ.

आणि गडचिरोली तर आपलीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या स्त्रियांना आरोग्यदूत बनवले, त्या नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे जगापुढे आले. २०११ पासून देशभरच्या आशाताईंना त्याच धर्तीवर घरभेटी सोपवल्या गेल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. २०१८ पासून त्यांत तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. एकूण अकरा.

माझ्यातला बँकवाला इथे कागद-पेन्सिल घेतो. एल्मायरात बत्तीस भेटी होत्या, रावळपिंडीत सोळा. आपल्याकडे अकरा आजच मंजूर आहेत, दार ठोठावणारी बाई आजच नेमलेली आहे, आणि ती गावातलीच असल्याने तिला पत्ता विचारावा लागत नाही. भांडवलाचा मोठा भाग आधीच गुंतवून झाला आहे. ज्या कामासाठी ते गुंतवले ते बाळ जगवण्याचे काम या बाईने पार पाडले. आता त्या बाळाच्या आणि आईच्या मनाचे काम तिच्याकडे द्यायचे, तर काय कमी आहे?

कमी आहे तो वेळ, आणि त्या वेळाचे मोल. नवजात बाळाच्या ठरलेल्या सगळ्या भेटी मिळून अडीचशे रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीला पन्नास, असे दर योजना आल्या तेव्हा ठरले. हा पगार नव्हे, याला मोबदला म्हणतात; कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे. भेट झाली की रकाना भरतो. ती दहा मिनिटांत उरकली काय किंवा तासभर बसून केली काय, रक्कम तीच. अशा हिशेबात कोणता माणूस तासभर बसेल? तरीही काहीजणी बसतात, हे मी पाहिले आहे. परंतु एखाद्या बाईच्या चांगुलपणावर राज्याचे धोरण उभे करायचे नसते. माझ्या शाखेत असे कुणी केले असते तर ऑडिटरने धारेवर धरले असते.

त्यांचा अर्ज मी पाहिला. बाळाचे वजन, तापमान, दूध ओढणे, सगळे आहे. आईविषयीही आहे: चोवीस तासांत किती वेळा पोटभर जेवली, रक्तस्राव किती, ताप आहे का, असंबद्ध बोलते का. जेवणाचा प्रश्न वाचून मला नर्सबाईंची आठवण आली आणि बरे वाटले. पण असंबद्ध बोलणारी बाई क्वचित. गप्प बसणाऱ्या शंभरात तेवीस. झोप लागते का, रडू येते का, बाळाजवळ जावेसे वाटते का, घरात कुणी हात उगारतो का, हे विचारायला डॉक्टर लागत नाही. मात्र विचारल्यावर उत्तर 'हो' आले तर पुढे काय करायचे, हे सांगणारे माणूस तिच्यामागे लागते. नाही तर ते उत्तर तिलाच घरी घेऊन जावे लागेल. म्हणून माझी मागणी अॅपमध्ये आणखी चार चौकोन वाढवण्याची नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंचे महिन्यातून एकदा शांतपणे ऐकून घेणारी, या कामात मुरलेली एक परिचारिका असावी. पहिलटकरीण, कोवळ्या वयाची, एकटी पडलेली, मार खाणारी अशा घरांपासून सुरुवात व्हावी, गरोदरपणापासून व्हावी, आणि त्या घरांतल्या तासाला तासाचे दाम मिळावे. सगळ्यांना थोडे थोडे वाटण्याचा मोह आपल्याला नेहमीच होतो; रँडचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो.

शहरातल्या सुशिक्षित वाचकांनी हे दुसऱ्या कुणाचे दुखणे समजू नये. आमच्या सोसायटीत गेल्या दोन वर्षांत चार बाळे जन्माला आली. सगळी नामवंत रुग्णालयांत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंगीत फाइल, लशींचा तक्ता आणि डिंकाचे लाडू घेऊन घरी. पूर्वी न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई सव्वा महिना रोज घरात डोकावत असे. तिच्या शेक-शेगडीबद्दल आणि धुरीबद्दल डॉक्टरांचे म्हणणे काहीही असो, बाळंतीण खाते की नाही आणि रडते की काय, हे तिला कळे आणि ती ते विहिरीवर सांगेही. तिच्या तोंडाळपणाचा जाच होता, तो काळ फार चांगला होता असे मी म्हणणार नाही. आता सातव्या मजल्यावर, नवरा लॅपटॉपपुढे, आजी-आजोबा मोबाइलच्या पडद्यावर, आणि ती मुलगी दार लावून बसलेली. सरकारचा 'टेलिमानस' हा दूरध्वनी आहे, १४४१६ हा त्याचा क्रमांक, २०२२ पासून. लिहून ठेवण्याजोगा आहे. पण ज्या बाईला कुकर लावायला उठवत नाही ती फोन कशी उचलणार? फोन दुसऱ्याने लावून द्यावा लागतो.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी पत्नीला प्रथमच विचारले, त्या गुरुवारी तुम्ही दोघी तास-तास काय बोलत होता? माझी कल्पना अशी होती की बाई तिला धीर देत असतील, उपदेश करत असतील.

"छे," ती म्हणाली. "त्यांच्या मुलाला गणित जमत नव्हतं. सातवीत होता. मी बी.एस्सी. आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. त्या त्याची वही घेऊन यायच्या, मी उदाहरणं सोडवून द्यायची, तोवर त्या बाळाला मांडीवर घेऊन बसायच्या. पुढं पुढं तर मुलालाच घेऊन यायला लागल्या. काळ-काम-वेगाची गणितं त्याला अजिबात यायची नाहीत."

"आणि तुझ्याविषयी?"

"ते मधेमधे."